अकराव्या पानावर अडकलेल्या आजीच्या गोष्टीसाठी

तुझा प्रश्न मी दोनदा वाचला. आजीच्या आयुष्यावर ८० पानांची चित्रकथा करायला घेतलीस, दीड वर्ष झालं, ११ पानं झालीत, त्यातलं पहिलं पान चारदा नव्यानं केलंस, आता दोन-दोन महिने फाईलच उघडत नाहीस, घरचे म्हणतात यातून पैसे काय भेटणार, आणि तू विचारतेस की ताई शिस्त कशी लावायची, माझ्यात चिकाटीच नाही का. मी तालुक्याच्या गावी फ्लेक्स अन् लग्नपत्रिकांचं दुकान चालवते, सतरा वर्षं झाली, दिवसभर कोरलड्रॉ नाहीतर फोटोशॉप, आणि दुकानाबाहेरचं माझं स्वतःचं काम म्हणजे पऱ्हाटीच्या, कपाशीच्या झाडाच्या, एका वर्षावरची ४० डिजिटल चित्रं, पेरणीपासून ते पऱ्हाट्या उपटून चुलीत जाईपर्यंत. त्याला मला ३ वर्षं ८ महिने लागले. मध्ये दोनदा सुटलं होतं. त्यामुळं तुझं कुठं अडलंय ते मला बरंचसं कळलं असं वाटते.

आधी चिकाटीचं बोलू, कारण तू स्वतःला लय दोष देऊन रायली आहेस. दुकानात गिऱ्हाईक येते, सहा बाय चारचा बॅनर, मधात मोठा फोटो, खाली बारा जणांचे छोटे फोटो, नावं ही घ्या, संध्याकाळी पाचला पाहिजे. मी बसते अन् दोन तासात करून देते. माझा मूड आहे का, डोकं दुखते का, कोणी विचारत नाही, मी पण विचारत नाही. अन् तीच मी रात्री स्वतःच्या चित्रासमोर बसली की पाऊण तास नुसते ब्रश बदलून पाहायची, जुन्या फाईली उघडायची, मग मोबाईल, मग झोप. माणूस तोच, हात तोच, कॉम्प्युटर तोच. मग फरक कशात होता? गिऱ्हाईकानं सगळं ठरवून आणलेलं असते. साईज, मजकूर, फोटो, वेळ. मला फक्त करायचं असते. स्वतःच्या कामात मी ठरवायला पण तिथंच बसायची आणि करायला पण तिथंच, आणि थकलेल्या डोक्याला ठरवणं जमतच नाही, ते पळवाट शोधते. तू ज्याला आळस म्हणतेस ना, ते बहुतेक वेळा ठरवायचं राहून गेलेलं काम असते.

म्हणून मी एक सवय लावली आणि बाकी सगळं त्याच्यावर उभं राहिलं. काम बंद करायच्या आधीची पाच मिनिटं ब्रशला हात लावायचा नाही, उद्याची चिठ्ठी लिहायची. पत्रिकांच्या कागदाचे कटिंग उरतात दुकानात, त्याच पट्ट्या वापरायची. चिठ्ठीवर 'चित्र १४ पूर्ण करणे' असं लिहिलं तर ती चिठ्ठी फेकून दे, त्याचा काही उपयोग नाही. माझ्या चिठ्ठ्या अशा असायच्या: 'चित्र १४, बैलाच्या पाठीवरचा उजेड, फक्त डावा बैल, मोठा ब्रश, पिवळट रंग दुसरा.' झालं. ती पट्टी लॅपटॉपच्या झाकणात दाबून ठेवायची. सकाळी झाकण उघडलं की पट्टी हातात पडते, विचार करायचाच नाही, डावा बैल घ्यायचा. दहा मिनिटात हात लागला की पुढचं आपोआप सुचते, कधी उजवा बैलही होऊन जाते. नाही झाला तरी चालते, कारण आज डावा बैल ठरला होता अन् तो झाला. तुझी चिठ्ठी पण 'पान १२, चौकट ३, विहिरीचा काठ, फक्त सावली' एवढी बारीक असली पाहिजे.

रंग अन् ब्रश पण असेच एकदाच ठरवून टाक. तू क्रिटा वापरतेस म्हणालीस, चांगलं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, पण त्यात ब्रशच इतके आहेत की माणूस तिथंच हरवते. मी ४० चित्रांना तीन ब्रश वापरले, एक रेषेचा, एक भरायचा, एक खरबरीत पोताचा. अन् १४ रंग. ते १४ रंग कसे काढले सांगते. मे महिन्यात दुपारी वावरात गेली, मोबाईलनं फोटो काढले, काळ्या मातीचे, ओल्या काळ्या मातीचे, उन्हानं पांढरट पडलेल्या ढेकळाचे, वाळल्या पऱ्हाटीच्या काडीचे, पळसाच्या पानाचे, अन् त्यातून रंग उचलून एक पट्टी बनवली. आपल्या काळ्या मातीत जांभळट झाक असते हे मला तेव्हा कळलं, तोपर्यंत मी नुसता काळा-तपकिरी भरत होती. तुझ्या आजीच्या गोष्टीत तिचं लुगडं असेल, चुलीनं काळी झालेली भिंत असेल, शेणानं सारवलेली जमीन असेल. तिथूनच रंग उचल, पट्टी बनव, मग तिला हात लावू नको. वर्षाभरानं सुद्धा पान ३ अन् पान ४० एकाच पुस्तकातले वाटतील.

आता वेळेचं. मी वहीत लिहून ठेवायची, म्हणून आकडे आहेत. एका चित्राला सरासरी १३ तास लागले. ४० चित्रं म्हणजे ५२० तास. मी रोज ४५ मिनिटं बसायची, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे आठवड्याला पावणेचार तास. भागाकार केला तर १३९ आठवडे येतात, पण वर्षाचे ५२ आठवडे काम होतच नाही आपल्याकडं. मृग लागला की पेरणी, मग निंदण-डवरणी, दिवाळीच्या मागंपुढं कापूस, उन्हाळ्यात लग्नसराई म्हणजे दुकानात जेवायला फुरसत नाही. मी पहिल्या वर्षी हे काही न धरता रोजचं टाईमटेबल बनवलं अन् जूनमध्येच मोडलं, मग वाटलं की आपल्याकडून होत नाही, अन् तीन महिने गेले. दुसऱ्या वर्षीपासून मी १४ आठवडे आधीच सुट्टीचे धरले, कॅलेंडरवर निळ्या पेनानं रेघ मारून. सुट्टी ठरलेली असली की परत बसणं सोपं जाते, शिक्षा वाटत नाही. राहिले ३८ आठवडे वर्षाला, म्हणून पावणेचार वर्षांच्या आत आलं. तू वावरातल्या घरची पोरगी आहेस, तुझी शिस्त शहरातल्या नोकरीवाल्यासारखी बाराही महिने सारखी असेल असं धरूच नको.

रोजची वेळ घड्याळापेक्षा एखाद्या आवाजाला बांधलेली बरी. आमच्या गावात पहाटे गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाचा भोंगा वाजते. तो वाजला की मी उठून बसायची अन् उजाडून लोकांची गडबड सुरू होईपर्यंत माझं काम. पहाटेचं अजून एक कारण आहे, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, दुपारी लॅपटॉप इतका तापते की पेन ओढल्यावर रेषा मागून येते, अन् घामानं हात टॅबलेटवर चिकटते. दोन बोटांचा ग्लोव्ह घेऊन टाक, स्वस्त असते. कूलरच्या थेट झोताखाली मात्र लॅपटॉप ठेवू नको, ती ओली हवा मशीनला चांगली नाही.

तुझ्या ८० पानांचा हिशोब करू. एका पानाला सहा तास म्हणतेस, ६९ पानं राहिली, म्हणजे ४१४ तास. आठवड्याला चार तास भेटले तरी १०३ आठवडे, सुट्ट्या धरून पावणेतीन वर्षं. हे होऊ शकते, मी केलं आहे, पण पहिल्याच मोठ्या कामाला मी तुला हे सांगणार नाही. छापखान्यात पुस्तकाचा एक फर्मा १६ पानांचा धरतात. तुझी ८० पानं म्हणजे पाच फर्मे. तीन फर्मे कर, ४८ पानं. मग राहतात ३७ पानं, २२२ तास, ५५-५६ आठवडे, सुट्ट्या धरून दीड वर्ष. गोष्ट कापायला मन होत नाही हे मला माहीत आहे, मी पण ६० चित्रांवरून ४० वर आली तेव्हा दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं. पण राहिलेलं नंतर करता येते. होकुसाई नावाचा जपानी चित्रकार होता, १७६० चा जन्म, त्यानं सत्तरीच्या आसपास फुजी पर्वताची मालिका केली, नाव 'छत्तीस दृश्यं', पण ती ३६ लोकांना आवडली म्हणून त्यात अजून दहा घातली अन् झाली ४६. आधी ३६ पुरी झाली, म्हणूनच पुढची दहा झाली. तुझी आजी लग्न होऊन गावात आली तिथून ते तिनं पहिल्यांदा स्वतःच्या नावानं कापूस विकला तिथपर्यंत, एवढीच गोष्ट घेतली तरी ती पूर्ण गोष्ट आहे.

आता पहिल्या पानाचं, जे तू चारदा केलंस. यावर मी जरा जास्त बोलते कारण माझ्या मते तुझं खरं दुखणं इथं आहे. कागदावर काम करणाऱ्याला कागद थांबवते, खोडून खोडून कागद फाटते, वॉटरकलर चिखल होते, मग माणूस नाईलाजानं पुढच्या कागदावर जाते. आपल्याला थांबवणारं कोणी नाही. केलेलं मागं घ्यायला कंट्रोल झेड आहे, लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेले वेगळे थर आहेत, दहा वर्षांनी पण फाईल उघडून नाक बदलता येते. वरून तुझा हात रोज सुधारून रायला, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीचं पान आज तुला खराब दिसणारच, आणि ते सुधारलंस की अजून सहा महिन्यांनी ते परत खराब दिसणार.

फरदड माहीत आहे ना तुला, तुमच्याही वावरात कोणी घेत असेल. शेवटचा वेचा झाला, पीक संपलं, तरी पाणी-खत देऊन त्याच पऱ्हाटीवर अजून थोडा कापूस काढायचा. कृषी खात्याचे लोक दरवर्षी कानीकपाळी ओरडतात की फरदड घेऊ नका, गुलाबी बोंडअळीला त्याच्यावरच खायला भेटते अन् ती पुढच्या हंगामात येते. २०१७ साली आपल्या भागात बोंडअळीनं काय केलं ते तुझ्या घरच्यांना विचार. झालेल्या पानाला परत परत पाणी देणं ही फरदडच आहे, हाती येते मूठभर अन् पुढच्या सगळ्या पानांना कीड लागते. माझा नियम असा होता की एकदा चित्र 'झालेले' फोल्डरमध्ये गेलं की मालिका संपेपर्यंत उघडायचं नाही. काही चुकलेलं दिसलं तर वहीत लिहायचं, 'चित्र ६, बाईचा हात आखूड', अन् वही बंद. शेवटी ती यादी काढली तेव्हा ३१ गोष्टी लिहिलेल्या होत्या, त्यातल्या ९ खरंच दुरुस्त करण्यासारख्या होत्या, बाकीच्या मला सोडून कोणाला दिसल्या नसत्या. ९ दुरुस्त्या मी चार दिवसात केल्या. तू पहिलं पान चारदा केलंस त्यात किती महिने गेले ते बघ.

मग पहिलं पान कच्चं दिसते त्याचं काय करायचं? त्याला दोन उपाय आहेत अन् दोन्ही कर. एक तर सुरुवात मधातून कर. वाचणाऱ्याची नजर पहिल्या चार-पाच पानांवर अन् शेवटच्या पानांवर जास्त थांबते, म्हणून ती सगळ्यात उशिरा करायची, हात तयार झाल्यावर. आता तू पान २० ते २७ घे. अन् दुसरं, एक-एक पान पूर्ण करत जाऊ नको. कापूस आपण कसा वेचतो, सगळी बोंडं एका दिवशी फुटत नाहीत, पहिल्या वेच्याला जेवढं फुटलं तेवढंच घेऊन पूर्ण वावर फिरतो, हिरवं बोंड ओढत नाही, मग दुसरा वेचा, मग तिसरा. तसंच आठ पानं एकदम घे, आठही पानांचं कच्चं स्केच, मग आठहीची पक्की रेषा, मग आठहीचे सपाट रंग, मग सावली-उजेड. हात सुधारला तरी आठही पानात सारखा सुधारते, एकाच पुस्तकात दोन जणांनी काढल्यासारखं दिसत नाही. काही जण ४८ च्या ४८ पानांचं असं करायला सांगतात. मी करून पाहिलं, मला झेपलं नाही, सात महिने एकही चित्र पूर्ण झालेलं दिसत नाही तेव्हा मन खचते. आठचा गठ्ठा बरोबर आहे, अर्धा फर्मा, दोन-तीन महिन्यात काहीतरी हातात येते.

तुझ्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे ना, तर ए-थ्री वर काम करतेस ते सोड. ए-थ्री ३०० डीपीआय म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल, त्यातला एक पूर्ण भरलेला लेयर साधारण ७० एमबी खाते, तू २५ लेयर ठेवलेस की मशीन मान टाकणारच. ए-फोर घे, २४८० गुणिले ३५०८, लेयर अर्ध्यावर येते. दर टप्प्याला लेयर एक करून टाक. हँग होणारं मशीन माणसाला कामापासून जेवढं तोडते तेवढं घरचे पण तोडत नाहीत.

अन् आता बॅकअप, हे वाचून सोडून देऊ नको. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये रात्री विजा कडाडत होत्या, मी दुकानातला डेस्कटॉप प्लगमधून काढला नाही, लाईन गेली, आली, परत गेली, सकाळी कॉम्प्युटर चालूच होईना. शहरात एका दुकानात नेला, त्यानं न विचारता डिस्क फॉरमॅट करून दिली. सात चित्रांच्या लेयरवाल्या फाईली गेल्या. वहिनीला व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो तेवढे राहिले, ते पण दाबून बारीक झालेले. मी चार महिने पेन हातात घेतला नाही. परत कशी बसली ते सांगते, कारण तुझ्यावरही कधी अशी वेळ येऊ शकते. गेलेली सात चित्रं परत करायला घेतलीच नाहीत. त्याच्या पुढचं, आठवं घेतलं, जे मनात ताजं होतं. ते झालं, अजून दोन झाली, मग गेलेली सात एकेक करून केली, अन् ती पहिल्यापेक्षा लवकर झाली कारण सगळे प्रश्न एकदा सुटलेले होते.

तेव्हापासून प्रत्येक फाईलच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या जागी, त्यातली एक घराबाहेर. माझी एक लॅपटॉपमध्ये, एक पेनड्राईव्हवर, अन् एक बहिणीच्या घरी हार्ड डिस्कवर, दर महिन्याला जाते तेव्हा घेऊन जाते. नेट चांगलं असलं तर गूगल ड्राईव्हवर टाक. व्हॉट्सॲपनं पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे क्वालिटी राहते. अन् क्रिटात कंट्रोल आल्ट एस दाबलं की नवीन नंबरची प्रत आपोआप बनते, एक-दोन-तीन, ते रोज काम संपवताना दाबायचं. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरी' अशी नावं ठेवू नको.

इन्स्टावर टाकू का विचारलंस. पूर्ण गठ्ठा झाला की एखादं पान टाक, रोज टाकू नको. लाईक कमी आले की त्या दिवशीचं काम बसते, हे मी दुकानात येणाऱ्या चांगल्या चांगल्या पोरांचं पाहिलं आहे. त्यापेक्षा एकच माणूस धर जो दर महिन्याच्या शेवटी विचारेल की दाखव. माझ्यासाठी शाळेतल्या एक बाई होत्या, त्यांना चित्रातलं काही कळत नव्हतं, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी चहाला यायच्या अन् म्हणायच्या, आन बरं काय झालं ते. त्या येणार म्हणून शनिवारी रात्री मी कितीदा तरी बसली आहे.

घरच्यांशी पैशावर वाद घालू नको. तू दिवसाचं काम करतेस, घरचं करतेस, पहाटेचे ४५ मिनिटं तुझे आहेत. एवढंच सांग की दीड वर्षानं पुस्तक होईल, आजीचं.

अन् शेवटचं, तू लिहिलंस की आजी ८४ वर्षांची आहे, पूर्ण होईपर्यंत तिला काही दाखवायचं नाही, एकदम पुस्तकच हातात द्यायचं. असं करू नको. आजच जेवण झाल्यावर तिच्या बाजूला बस, मोबाईलची स्क्रीन मोठी कर, ती ११ पानं दाखव. मी वेचणीचं चित्र, त्यात बाईनं वेचलेला कापूस ठेवायला कमरेला ओटी बांधलेली, रेषेवर असतानाच आमच्या शेजारच्या म्हातारीला दाखवलं, तिनं चष्मा वर केला, बघितलं अन् म्हणाली, "अवो पोरी, ओटी अशी नाई बांधत. अशी लोंबली त कापूस सांडते ना. पदर आधी खोचा लागते, मंग फडक्याची गाठ मांगं." अन् उठून, कमरेला टॉवेल बांधून दाखवलं, त्या वयात, गाठ मारताना बोटं थरथरत होती पण गाठ एका झटक्यात बसली. मी मोबाईलवर व्हिडिओ काढला, तेच चित्रात आहे. तुझ्या आजीला विचार ती ओटी कशी बांधायची, विहिरीवर कोणत्या बाजूनं उभी राहायची, लुगड्याचा रंग कोणता होता. रेकॉर्ड करून ठेव. ती जे सांगेल त्यातूनच पान २० ते २७ ची चिठ्ठी निघेल.